बादली, गादी आणि जुना सिलॅबस

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या बाजूला, रद्दीच्या दुकानांतल्या मालाची जात बदलते. एरवी तिथे वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पुठ्ठे आणि तेलाचे रिकामे डबे असतात. या दिवसांत मात्र पाठ्यपुस्तके, अर्ध्या कोऱ्या वह्या, प्रयोगांची जर्नले आणि ड्रॉइंगच्या कागदांची भेंडोळी येऊन पडतात. भंगारवाल्याच्या हातगाडीवर प्लॅस्टिकच्या बादल्या, टेबलावरचे दिवे, कपडे वाळत घालायचे स्टँड, एखादा छोटा पंखा दिसू लागतो. तीन-चार वर्षांचा संसार अर्ध्या तासात वजनकाट्यावर चढतो. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये स्टेशनजवळच्या दुकानांत वेगळी गर्दी होते. परगावाहून आलेले आईवडील मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन बादली, मग, चादर, उशी आणि टेबल लॅम्प यांचे भाव विचारत हिंडत असतात. टाकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये रिक्षाने दहा मिनिटांचे अंतर असते आणि कालगणनेने दोन-अडीच महिन्यांचे.

हे दोन-अडीच महिने कसे सांधायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. जुन्या बादलीवर रविवारच्या पुरवणीत कुणी लिहावे काय, असेही काहींना वाटेल. पण शिक्षणाच्या खर्चाची चर्चा आपण नेहमी फीच्या आकड्यापाशी थांबवतो आणि फीच्या पलीकडचा खर्च ज्याचा त्याने बघावा असे गृहीत धरतो. गरीब घरातल्या मुलाचा पाय अडखळतो तो बऱ्याचदा याच पलीकडच्या खर्चात.

सांताक्रूझला हा प्रश्न जवळून दिसतो, कारण रुळांच्या दोन्ही बाजूंना इथे विद्यार्थी आहेत. पूर्वेला कलिन्यात मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे. पश्चिमेला जुहूच्या रस्त्यावर, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा म्हणजे एसएनडीटीचा परिसर आहे. तिथे गृहविज्ञानापासून औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकीपर्यंत सारे शिकवले जाते. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून मुले-मुली इथे येतात. काही वसतिगृहांत राहतात, काही चौघांत एक खोली भाड्याने घेऊन राहतात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेले मूल असेल, तर आधी कुणी केलेल्या सामानाची यादीही त्याच्यापाशी नसते.

सरकार काही करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला साठ हजार रुपये ठरवण्यात आले. शैक्षणिक साहित्यासाठी वेगळे दोन हजार, आणि वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर पाच हजार. या रकमा मोलाच्या आहेत. पण सरकारी पैसा खात्यावर यायला त्याचा वेळ घेतो आणि बादली मात्र पहिल्या दिवशी सकाळीच लागते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगचे साहित्य, एप्रन, कॅल्क्युलेटर आणि पुस्तके मांडून बेरीज केली की दोन काय नि पाच काय, हजार कसे पुरतात ते कुठल्याही पालकाला विचारावे.

आता थोडे मागे जाऊ. आमच्या पिढीत नवे पुस्तक ही चैन होती. निकाल लागला की वरच्या वर्गातल्या मुलाच्या घरी जायचे, पुस्तके बघायची, पाने फाटलेली नाहीत ना हे तपासायचे आणि अर्ध्या किमतीत सौदा करायचा. तेच पुस्तक पुढच्या वर्षी पाव किमतीला जाई. पहिल्या पानावर तीन-चार नावे एकाखाली एक लिहिलेली असत. आधीची नावे खोडायची रीत नव्हती, नुसती एक रेघ मारत. समासात कुणीतरी पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’ असे लिहून ठेवलेले असे आणि परीक्षेत त्याचा उपयोगही होई. पुढे पुण्यात अप्पा बळवंत चौकाने आणि मुंबईत माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानाजवळच्या पदपथाने हीच देवघेव बाजाराच्या पातळीवर नेली. व्हीजेटीआय, रुइया, पोदार, खालसा ही कॉलेजे आसपास असल्यामुळे माटुंग्याच्या त्या फुटपाथवर कुंभोजकरांचे गणित आणि भट्टांचे ड्रॉइंग कितव्यांदा विकले जात आहे, याचा हिशेब विक्रेत्यालाही नसे.

जुने पुस्तक घेणे यात कुणाला कमीपणा वाटत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळत आणि तिथल्या मुक्कामात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. ज्ञान पहिल्या हाताचे असले म्हणजे झाले, पुस्तक कितव्या हाताचे आहे हे कोण बघतो?

मग ही साखळी तुटली कुठे? माझ्या मते ती तीन ठिकाणी तुटली.

पहिले ठिकाण अभ्यासक्रमाचे. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीचेच उदाहरण घ्या. तिथला अभ्यासक्रम २००७ साली बदलला, मग २०१२ साली, मग २०१६, मग २०१९, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुन्हा २०२४ साली. पदवी चार वर्षांची आणि अभ्यासक्रमाचे आयुष्यही तीन ते पाच वर्षांचे. म्हणजे विद्यार्थी शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत त्याची पहिल्या वर्षाची पुस्तके ‘जुन्या सिलॅबसची’ झालेली असण्याचा संभव मोठा. अभ्यासक्रम बदलू नये असे मी म्हणत नाही. संगणकाचे १९९० मधले पुस्तक आज शिकवून चालणार नाही. पण गणितातले लाप्लासचे रूपांतर किंवा यंत्रशास्त्रातले बलांचे संतुलन दर चार वर्षांनी बदलत नाही. पुष्कळदा बदलतो तो प्रकरणांचा क्रम, एखादा भाग पहिल्या सत्रातून दुसऱ्यात जातो, एखादा गळतो. मुखपृष्ठावर नव्या अभ्यासक्रमाचा शिक्का आला की आतली बहुतांश पाने तीच असूनही आधीचे पुस्तक किलोच्या भावाला येते.

दुसरे ठिकाण पुस्तकाच्या घडणीचे. वस्तू पुन्हा वापरायची की नाही हे ती बनतानाच ठरते. याचे शाळेतले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२३-२४ पासून राज्यात दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत विभागून त्यांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने घालण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू चांगलाच होता. पण ज्या पुस्तकात मुलाने स्वतःच्या हाताने वर्षभर लिहिले ते पुस्तक धाकट्या भावाच्या काय उपयोगाचे? २०२५-२६ पासून ही कोरी पाने बंद झाली. चर्चा ओझ्याची आणि खर्चाची झाली, पुस्तक पुढच्या हाती जाईल का हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. कॉलेजातही हेच चालते. उत्तर पुस्तकातच लिहायचे, पान फाडून जमा करायचे, अशी वर्कबुके एका वर्षाच्या आयुष्याची असतात.

तिसरे ठिकाण आपल्या मनाचे. हातात थोडा पैसा आला, वस्तू स्वस्त झाल्या, फोनवरून मागवली की दोन दिवसांत दारात येऊ लागली. जुने घेणे म्हणजे ऐपत नसल्याची कबुली, असे आपण मुलांना न बोलता शिकवले. ज्या घरात आजोबांनी चौथ्या हाताच्या पुस्तकावर मॅट्रिक केली, त्याच घरातला नातू वर्गातल्या मित्राचा कॅल्क्युलेटर पाचशे रुपयांत मिळत असताना दुकानातून नवा आणतो. आईवडीलही ‘आमचे राहिले, त्याचे तरी होऊ दे’ म्हणून पैसे देतात. या भावनेला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. पण तिचा भार शेवटी ज्याची खरोखरच ऐपत नाही त्याच्यावर पडतो, कारण जुने घेणारा तो एकटाच उरतो आणि एकटा उरला की लाजतो.

कुणी म्हणेल, हल्ली पुस्तके वापरतो कोण? सारे फोनवर असते. यात तथ्य आहे. पण पुस्तके कमी झाली तशा इतर वस्तू वाढल्या. तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याची ट्रंक आणि आजच्या विद्यार्थ्याचे सामान शेजारी ठेवून पाहा. पंखा, दिवा, विजेचे एक्स्टेन्शन बोर्ड, प्लॅस्टिकचे कप्पे, खुर्ची, गादी, चार्जर, इअरफोन, जुना लॅपटॉप. पुस्तक निदान रद्दीत जाऊन पुन्हा कागद होते. फोमची गादी कुठे जाते?

सांताक्रूझकराला याचे उत्तर ठाऊक आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस येथल्याच वेधशाळेत मोजला गेला. चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्या पुरानंतर मिठी नदी आणि तिला मिळणारे नाले कशाने तुंबले याची पुष्कळ चिकित्सा झाली. नदीपात्रातली बांधकामे होती, भराव होते, आणि त्यांच्या जोडीला आपण सर्वांनी टाकलेला कचराही होता. आपला वाकोला नाला त्याच मिठीला जाऊन मिळतो. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा मुळीच नाही, पण फेकलेली वस्तू ‘जाते’ हा भ्रम या उपनगराला तरी परवडणारा नाही. गंमत अशी की कलिन्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर मोटारींचे जुने सुटे भाग विकणाऱ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत आणि थोडे दक्षिणेला धारावीचे तेरा कंपाउंड मुंबईभरचे प्लॅस्टिक निवडून, दळून पुन्हा कामाला लावते. जुन्याचे नवे करण्याची एवढी विद्या विद्यापीठाच्या कुंपणापलीकडे आहे.

या प्रश्नाला शासनाने एक जुने उत्तर दिलेले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९७८-७९ पासून केंद्राची पुस्तकपेढी योजना आली. आधी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीसाठी आणि पुढे आणखी काही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. दोन विद्यार्थ्यांत पुस्तकांचा एक संच द्यायचा आणि संचाचे आयुष्य तीन वर्षे धरायचे, असा तिचा नियम होता. या नियमातला शहाणपणा मला फार आवडतो. पुस्तकाला एक आयुष्य असते आणि ते एका विद्यार्थ्यापेक्षा मोठे असते, हे सरकारी कागदावर मान्य झाले. उणीव एवढीच की ही पेढी ठरावीक गटांपुरती आणि पुस्तकांपुरती राहिली.

परदेशात काय चालते तेही पाहू. तिकडे शिकायला गेलेली मुले आता मराठी मध्यमवर्गात घरोघरी आहेत. बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांची बहुतेक भाडेपत्रे १ सप्टेंबरला बदलतात. त्या दिवशी ऑल्स्टन नावाच्या वस्तीत टेबले, खुर्च्या, कपाटे रस्त्याच्या कडेला येऊन पडतात आणि नवे भाडेकरू ती उचलून नेतात. स्थानिक लोक याला थट्टेने ‘ऑल्स्टनचा नाताळ’ म्हणतात. इथे जुनी बादली घ्यायला लाजणारा मुलगा तिथे फुटपाथवरची खुर्ची खांद्यावर घेऊन हसत घरी जातो, कारण तिथे सगळेच तसे करतात. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०११ साली याला शिस्त लावली. मे महिन्यात वसतिगृहे रिकामी होताना चांगल्या वस्तू गोळा करायच्या, उन्हाळाभर साठवायच्या, ऑगस्टमध्ये नव्या मुलांना स्वस्तात विकायच्या आणि त्या पैशांतून पुढच्या वर्षीचा खर्च भागवायचा. कल्पना साधीच आहे. खरी गुरुकिल्ली आहे ती मधल्या साठवणुकीत.

आपल्याकडे असे काही निघते तेव्हा ते चटकन दानाच्या वाटेला लागते. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ साली निघालेल्या एका भिंतीवरून आपल्या अनेक गावांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको ते ठेवा, हवे ते न्या. हेतू थोर होता. पण निवड करणारे, धुणारे, घडी घालणारे कुणी नसले की अशा भिंतीखाली फाटक्या कपड्यांचा ढीग साचतो आणि घेणाऱ्याला चारचौघांत वाकावे लागते. १९९९ पासून काम करणाऱ्या ‘गूंज’ संस्थेने, जिच्या अंशू गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, यावर वेगळा विचार केला. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध असे गावाचे काम करायचे आणि त्याचा मोबदला म्हणून शहरातून आलेले कपडे-सामान घ्यायचे. वस्तू तीच, पण घेणाऱ्याची मान ताठ राहते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी. अठराव्या वर्षी अपमान फार खोल लागतो. म्हणून वस्तू फुकट वाटण्यापेक्षा तिला अल्प का होईना किंमत असावी आणि श्रीमंत-गरीब सर्वांनी एकाच दारातून ती घ्यावी.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो. प्रत्येक मोठ्या शैक्षणिक परिसरात एक खोली लागेल. ती तळमजल्यावर नको, कारण आपले हे दोन-अडीच महिने नेमके पावसाचे असतात. जूनमध्ये ओल धरलेले पुस्तक ऑगस्टमध्ये कुणी हातात घेणार नाही. वस्तू घेताना वहीत नोंद व्हावी आणि देणाऱ्याला थोडे पैसे किंवा पावती मिळावी. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले प्रत्येक कॉलेजात आहेत. झाडे लावून फोटो काढण्याइतकेच पंखे तपासणे आणि पुस्तके लावणे हेही सेवेचे काम समजावे. वापरलेली गादी, उशी, कापलेल्या वायरीची विजेची वस्तू घेऊ नये. काटकसरीच्या नादात खरूज आणि शॉक वाटणे शहाणपणाचे नाही.

आणि एक काम फक्त प्राध्यापकच करू शकतील. अभ्यासक्रम बदलला की त्यासोबत एका पानाचा तक्ता लावावा. नव्या अभ्यासक्रमातला अमुक भाग जुन्या पुस्तकातल्या तमुक प्रकरणात आहे आणि एवढाच भाग नव्याने वाचावा लागेल, असा. त्या एका पानाने पुस्तकांचे आयुष्य किती वाढेल याचा विचार करा. त्याला निधी लागत नाही, समितीही लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. प्रकाशक आणि लेखक म्हणतील, आमचे काय? त्यांनी अभ्यासक्रम खरोखर बदलतो तेव्हा नवे लिहावे, त्याला गिऱ्हाईक मिळेलच. रद्दीवाल्याचे पोट बुडेल, हा दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण वाकोल्याच्या दुकानदाराला चांगले पुस्तक ओळखता येते, तो ते गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवतो, हे मी पाहिले आहे. त्याला ऑगस्टमध्ये परिसरात टेबल मांडू द्यावे. किलोच्या भावापेक्षा त्याला चार पैसे जास्तच मिळतील.

हे सारे विद्यापीठांनी करावे म्हणून आपण वाट पाहत बसावे असेही नाही. पुस्तकांची खोली उघडेल तेव्हा उघडेल. तोवर ज्यांच्या घरी या वर्षी कुणाचे शिक्षण संपते आहे, त्यांनी माळ्यावर चढून एकदा पाहावे. कॅल्क्युलेटर, ड्राफ्टर, शब्दकोश, न फाटलेली पुस्तके बाजूला काढावीत. इमारतीत, नात्यात, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी बारावीला कोण आहे ते विचारावे. किंमत ठरवावी, अगदी दहा रुपये का असेना. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपल्या मुलाचे नाव असेल तर ते खोडू नये. खाली जागा मोकळी ठेवावी.